विंगमास्तरांचा उशिरा पोचणारा शब्द

नाटक संपलं की प्रेक्षक नटाचं नाव घेतात. जाणकार असतील तर लेखकाचं घेतात, आणि खुर्च्या मोडक्या असतील तर थिएटरच्या मालकाचंही घेतात. विंगेत स्टुलावर बसून हलक्या आवाजात वाक्यं पुरवणाऱ्या माणसाचं नाव कुणीच घेत नाही. तो तिथे होता हे प्रेक्षकांना कळलं, तर त्याचं काम बिघडलं असं समजायचं. आमच्या नाटक मंडळीतल्या प्रॉम्प्टरला आम्ही सगळे विंगमास्तर म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला फार वर्षांनी त्यांच्या दारावरच्या पाटीवर वाचायला मिळालं, पण तोवर ते वापरण्याची वेळ निघून गेली होती.

मास्तर नटाच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. "बाई, माणूस वाक्य विसरतो ते आधी श्वासात विसरतो," असं ते मला सांगायचे. "श्वास अर्धा घेतला की ओळखायचं, आता गाडी रुळावरून उतरणार." अडखळल्यावर दिलेला शब्द पहिल्या रांगेला ऐकू जातो. अडखळायच्या आधी दिला, तर खुद्द नटालाही वाटतं की आपल्यालाच आठवला. मी आयुष्यात घेतलेल्या टाळ्यांमधल्या निम्म्या तरी त्यांच्या उसन्या शब्दांवरच्या आहेत, आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. राजाचं काम करणारे आमचे दादा तर तिसऱ्या अंकातलं स्वगत कधी पाठच करत नसत. "पाठ कशाला? मास्तर आहेत ना!" असं म्हणून ते मिशी चिकटवायला बसायचे.

मास्तरांच्या बायकोकडे आमचा कपडेपट होता. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. कपड्यांच्या पेट्या, इस्त्री, सुया, बटणं यांच्यात बसलेली ही बाई हाताने जितकी बारीक टाके घालायची, त्याहून बारीक तोंडाने घालायची. "पोट आत घ्या, राजेसाहेब. राज्य गेलं तरी चालेल, बटण जायला नको," असं ती दादांना ऐन प्रवेशाच्या वेळी सुनवायची. मास्तरांनी तिला मागणी घातली ती गोष्ट मंडळीत पुढे कितीतरी वर्षं नक्कल करून सांगितली जायची. हे कपडेपटात गेले, हातात हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी असं म्हणत होतो, की आपण दोघांनी…" पुढे वाचा बंद. सगळ्या मंडळीला शब्द पुरवणारा माणूस घाम पुसत उभा. वहिनींनी दातात धरलेली सुई काढली आणि म्हणाल्या, "लग्न. हं, पुढे?"

मंडळी बंद पडली तेव्हा आम्ही इकडे तिकडे पांगलो, पण योगायोगाने एकाच इमारतीत राहायला आलो. मी खालच्या मजल्यावर आणि हे दोघं माझ्या डोक्यावर. वहिनी घरी कपडे शिवू लागल्या. मास्तरांना एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता अडलं, की शेजारी उभे असलेले मास्तर नकळत अक्षर पुटपुटायचे. गिऱ्हाईक खूश, नजर उत्तम, नंबर चुकीचा. दोघं-तिघं नवे चष्मे घेऊन भांडायला आले तेव्हा मालकाच्या लक्षात आलं. "अहो, ही परीक्षा त्यांच्या डोळ्यांची आहे," तो कपाळावर हात मारून म्हणाला, "तुम्ही कॉपी काय पुरवताय?" त्यानंतर तपासणी चालू असली की मास्तरांना काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, तक्त्याकडे पाठ करून बसवत.

गेल्या वर्षी एका सकाळी मास्तर दुकानात गेले आणि थोड्या वेळाने वहिनी ओट्याजवळ कोसळल्या. मी बाही आखूड करून घ्यायला म्हणून वर गेले, तर त्या जमिनीवर पडलेल्या. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होत्या, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसती हवा येत होती. मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. जीव वाचला. उजवा हात अर्धा राहिला, आणि बोलणं हरवलं. समज सगळी शाबूत होती. काय म्हणायचं ते त्यांना नेमकं माहीत असायचं, पण त्यासाठीचा शब्द ऐन वेळी हाती लागायचा नाही. "ते… ते…" करत त्या हवेत बोटं फिरवायच्या.

एक गंमत मात्र होती. सवयीचं बोलणं तसंच्या तसं शिल्लक होतं. पाणी मागता येत नव्हतं, पण पेला हातातून निसटला की "कर्म माझं!" हे खणखणीत यायचं. चादर म्हणता येत नव्हती, पण मास्तर मध्ये मध्ये लुडबुडले की "गप बसा!" हे असं यायचं की खालच्या मजल्यावर मीही गप बसायचे.

वाचा परत आणायला एक स्पीच थेरपिस्ट यायच्या. आम्ही त्यांना वाचाबाई म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी मास्तरांना बसवून सांगितलं होतं, "शब्द गेलेले नाहीत, वाट बुजली आहे. त्यांना त्या वाटेने स्वतः चालू द्या. तुम्ही उचलून नेलंत तर वाट मोकळी होणार नाही. आणि सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात." मास्तरांनी मान डोलावली. दिग्दर्शकाच्या सूचनेला नट डोलावतात, अगदी तशीच.

त्या आजारपणापासून मास्तर बदलले. खांदे पडले, जेवता जेवता हात थांबायचा. "मी घरी हवा होतो," एवढंच ते म्हणायचे. घरी राहणं तर शक्य नव्हतं, दुकान सोडणं परवडणारं नव्हतं. मग परगावी नोकरी करणारी त्यांची लेक येऊन हॉलमध्ये फडताळावर एक कॅमेरा बसवून गेली. "बाबा, फोनवर आई दिसेल, ऐकू येईल, आणि तुम्ही बोललात की तिला कॅमेऱ्यातून ऐकू जाईल. मध्येमध्ये बघत जा." मास्तरांनी मध्येमध्ये हा शब्द बहुधा ऐकलाच नाही. काउंटरच्या त्या टोकाला फोन उभा करून, कानात बिनवायरचं यंत्र घालून ते दिवसभर घर बघत बसायचे. स्टूलसुद्धा तसंच होतं म्हणे, विंगेतल्यासारखं.

दुपारी मी वहिनींजवळ बसायला जायचे. त्यामुळे पुढचा सगळा प्रयोग मी जवळून पाहिला.

कॅमेऱ्यातून आवाज उशिरा यायचा. फार नाही, पण जिथे एका श्वासाचा हिशेब असतो तिथे तेवढा उशीर म्हणजे अख्खा अंक. मास्तर वहिनींचा अर्धा श्वास बघून तिथून शब्द टाकायचे, आणि इथे तो पोचेपर्यंत संभाषण भलतीकडे गेलेलं असायचं. एकदा वहिनींना शिवणाच्या डब्यातलं काहीतरी हवं होतं. "ती… ती… ती गं…" डाव्या हाताची दोन बोटं उघडमीट करत होत्या. मला कळलं होतं, पण वाचाबाईंच्या धाकाने मी ओठ मिटून बसले. वहिनी घामेजल्या, चिडल्या, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "कात्री!" मी टाळीच वाजवली. तेवढ्यात फडताळावरून मास्तर गरजले, "कात्री! अगं, कात्री!"

वहिनींनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाल्या, "वरातीमागून घोडं!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मास्तर तिथून विचारत राहिले, काय झालं, काय झालं. तोही प्रश्न उशिराच आला.

पण एक दिवस या उशिराने जीव खालीवर केला. मी कपाट जोरात लावलं, त्याचा दणका झाला. वहिनी शाल उचलायला वाकल्या आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेल्या. मास्तरांना आधी बायको दिसेनाशी झालेली दिसली, मग दणका ऐकू आला. त्यांनी विचारलं, "पडलीस का?" तो प्रश्न अजून वाटेत होता, तोवर मी आत ओट्याजवळून, कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या लांबून विचारलं, "चहा टाकू का?" वहिनी म्हणाल्या, "हो, हो." मग इकडे कॅमेरा बोलला, "पडलीस का?" त्यावर वहिनी वैतागून म्हणाल्या, "कर्म माझं!" तिकडे मास्तरांना ऐकू आलं: हो, हो, कर्म माझं.

चहा गाळत होते तेवढ्यात मास्तर दारात. धावत आलेले, चेहरा पांढराफटक, हातात पुसायला घेतलेली डोळे तपासायची गोल चौकट. मागे दुकानात एक गिऱ्हाईक त्या चौकटीची वाट बघत यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ आज्ञाधारकपणे बसून राहिलं होतं, असं नंतर कळलं. वहिनी शाल पांघरून सोफ्यावर बसलेल्या पाहून मास्तर तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले.

"मास्तर, हा उशीर दुरुस्त करून घ्या," मी म्हणाले. "असं रोज धावलात तर दुसरा कॅमेरा तुमच्यासाठी लावावा लागेल."

कॅमेरे बसवणाऱ्याला आमच्या गल्लीत फौजदार म्हणतात, कारण त्याच्या कॅमेऱ्यांमुळे दोन चप्पलचोर सापडले होते. तो आला तो हात वर करूनच.

"इंटरनेटवाल्यांना सांगा, मास्तर. माझा कॅमेरा नवराबायकोच्या भानगडीत पडत नाही."

"त्यांनी तुम्हाला सांगा म्हणून सांगितलं."

"सांगणारच! बरं, बाई, तुम्ही खिडकी उघडून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहा. मी आणि मास्तर खाली रस्त्यावर जातो. मी ओरडलो की टाळी वाजवा."

मी वाजवली. खाली रस्त्यावर त्यांना खरी टाळी खिडकीतून ऐकू आली आणि फोनमधली टाळी मागून रमतगमत आली. फौजदार वर आला तेव्हा त्याची चेष्टा थांबली होती. त्याने मास्तरांच्या कानातलं बिनवायरचं यंत्र काढून ठेवलं. "आधी हा फाजील मध्यस्थ काढा, वायरवालं घ्या. हे आवाज स्वतःजवळ थोडा ठेवून मग कानाला देतं." मग त्याने वायफायचा डबा शोधला. तो आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे जाऊन बसला होता. "याला कोंडून ठेवलंत आणि वर म्हणता धावत ये!" डबा बाहेर हॉलमध्ये उघड्यावर आला. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं, ते नवं केलं. तरी थोडा उशीर राहिलाच. फौजदाराने फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "चित्र सगळ्यात भारी दर्जाचं का ठेवलंय? सगळी वाट चित्रच अडवून बसलंय, आवाजाला जागा कुठली? वहिनींच्या पापण्या मोजताय का?"

"श्वास बघतो," मास्तर हळूच म्हणाले.

फौजदाराला काही कळलं नाही. मला कळलं. मास्तरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चित्र कमी करा. श्वास मला ऐकूनही कळतो." पुन्हा रस्ता, पुन्हा खिडकी. या वेळी टाळीवर टाळी पडली. खाली मास्तरांनी दोन्ही हात वर केले, आणि मला कितीतरी वर्षांनी पडदा पडल्यानंतरचा तो क्षण आठवला, जेव्हा सगळं सुरळीत पार पडलेलं असतं आणि विंगेतला माणूस पहिल्यांदा पाठ टेकतो.

पुढचे काही आठवडे घरात नाटक रंगलं. वहिनींनी "मला ती…" म्हणायचा अवकाश, फडताळावरून हलका आवाज यायचा, "उशी." वहिनी म्हणायच्या, "उशी." "आज ते…" "वरण." छे, चुकले, मास्तर इतके ओबडधोबड कधीच नव्हते. ते वाक्याच्या लयीत शब्द सोडायचे, असा की तो वहिनींच्याच तोंडून आल्यासारखा वाटावा. भेटायला येणारे म्हणायचे, "किती सुधारल्या हो!" लेक फोनवर आईशी बोलून खूश व्हायची. मास्तरांचे खांदे वर आले. मीही सगळ्यांना सांगत सुटले की त्या टाळीत माझाही वाटा आहे.

मग एका दुपारी मी वहिनींना हवा खायला गच्चीत नेलं. समोरच्या छपरावर एक पक्षी तारेचा तुकडा घेऊन घरटं बांधायची खटपट करत होता. वहिनींनी माझा हात दाबला. "ते… ते बघ…" आणि थांबल्या. मी वाट बघत राहिले. त्यांनी बोटं फिरवली नाहीत, डोळे मिटले नाहीत, चिडल्याही नाहीत. मान वळवली आणि जिन्याच्या दाराकडे बघत राहिल्या. कुणीतरी तिथून शब्द देईल, अशा बघत राहिल्या. कुणी दिला नाही, तेव्हा हसून हात खाली घेतला आणि तो विषयच सोडून दिला. मी हे हसू ओळखत होते. दादांच्या चेहऱ्यावर असायचं तेच होतं ते. मास्तर आहेत ना!

मी मास्तरांना काही बोलले नाही. कसं बोलायचं तेच सुचेना. पण दुकानाच्या सुटीच्या दिवशी वाचाबाई आल्या तेव्हा मास्तर घरीच होते. वाचाबाईंनी चित्रांचे पत्ते काढले आणि एक पत्ता वहिनींसमोर धरला. चित्र कात्रीचं होतं. जन्मभर जी कात्री त्यांच्या बोटांत होती, ती. वहिनींनी चित्राकडे नीट पाहिलंही नाही. फडताळावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मास्तर घरातच आहेत, आणि त्या खुर्चीतल्या मास्तरांकडे बघू लागल्या. मास्तरांचे ओठ उघडले होते. क जवळजवळ बाहेर पडला होता.

"मास्तर!" वाचाबाई म्हणाल्या. मास्तरांनी हाताने तोंड दाबलं.

शब्द आला नाही. दुसरं चित्र, तिसरं, चौथं. वहिनी एकदा फडताळाकडे बघायच्या, एकदा नवऱ्याकडे. वाचाबाईंनी पत्ते गोळा केले आणि विचारलं, "मागे कात्री त्यांची त्यांनी काढली होती ना? चार-सहा शब्द स्वतः येऊ लागले होते. मध्ये असं काय बदललं?"

वहिनींनीच उत्तर दिलं. कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि फार कौतुकाने म्हणाल्या, "हे."

वाचाबाईंना पोचवून मी परत येत होते, तर मास्तर जिन्यात पायरीवर बसलेले. मी शेजारी बसले. सांत्वनाची वाक्यं मला पुष्कळ पाठ आहेत, पण त्यातलं एकही इथे लागू पडेना.

"उशीर होता तेच बरं होतं," मास्तर म्हणाले. "माझा शब्द पोचेपर्यंत ती आपला शोधायची. मी पैसे मोजून तिची ती फट बुजवली."

"तुम्हाला काय ठाऊक होतं? मीच म्हणाले दुरुस्त करा."

"मला वाचाबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाई. मला ठाऊक होतं. पण ती अडली की मला बघवत नाही, का ते तुम्हाला माहीत नाही." ते पायरीवरच्या खपलीला नखाने टोकरत राहिले. "त्या सकाळी मी निघताना ती म्हणाली, डब्यात चष्मा टाकलाय. मी म्हणालो, चमचा. ती म्हणाली, तेच ते, चमचा. मी हसलो. म्हटलं, दुकानात चष्मे, घरीही चष्मेच का? मग दारात म्हणाली, दिवा ओढून घ्या. मी म्हणालो, दार. आणि ओढून घेतलं."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"दोन शब्द चुकले. ऐकणारा दुसरा कुणी असता, तर थांबला असता, विचारलं असतं, बरं वाटतंय ना तुला? मी ऐकलं, दुरुस्त केलं, आणि पुढच्या वाक्याला गेलो. जन्मभर तेच केलं ना! डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काही वेगळं जाणवलं का? मी नाही म्हणालो. लेकीला तेच सांगितलं. हिला तर…" ते थांबले. मी शब्द दिला नाही. "हिला काहीच सांगितलं नाही."

"सांगा."

"आणि मग ती काय म्हणेल?"

"ते तिला म्हणू द्या ना, मास्तर!" माझा आवाज नको तेवढा चढला. जुनी सवय, जिन्यात घुमतो तरी अजून.

दुसऱ्या दिवशी मास्तर फौजदाराकडे गेले आणि म्हणाले, तो उशीर परत घालून द्या. फौजदार म्हणाला, "मास्तर, माझ्या धंद्यात बिघाड काढ म्हणणारे येतात. बिघाड घाल म्हणणारे तुम्ही पहिले. असा मोजून उशीर मला घालता येत नाही." मग त्याने दुसरा मार्ग काढला. मास्तरांच्या फोनमधून बोलायची सोय बंद केली. त्यांना ऐकू येईल, दिसेल, पण त्यांचा शब्द घरी पोचणार नाही. मास्तरांनी विचारलं, हे बटण माझ्या हातून परत सुरू होणार नाही असं करता येईल का? फौजदार म्हणाला, "बटणाचं मी बघतो. हाताचं तुम्ही बघा."

ते दिवस वाईट गेले. वहिनी अडायच्या, कॅमेऱ्याकडे बघायच्या, कॅमेरा मुका. आधी रुसल्या. मग त्यांना वाटलं, नवरा रागावला. "गप बसा!" असं त्या गप्प कॅमेऱ्यालाच ओरडल्या. मी रोज समजावत होते, आणि रोज माझ्याकडे त्या परक्यासारख्या बघत होत्या. तिकडे दुकानाचा मालक सांगायचा की मास्तर काउंटरवर बसून ओठ हलवतात, आवाज मात्र काढत नाहीत, गिऱ्हाईक घाबरतं. असं करता करता एक दिवस वहिनी "ऊन" म्हणाल्या. दोन दिवसांनी "दोरा". कात्री मात्र रुसली ती रुसलीच.

पुढच्या सुटीच्या दुपारी मी वर गेले तेव्हा मास्तर वहिनींसमोर खुर्ची ओढून बसले होते. मी परत फिरणार होते, पण वहिनींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. मास्तरांनी माझ्यादेखत सगळं सांगितलं. चष्मा, चमचा, दिवा, दार. डॉक्टरांना दिलेलं 'नाही' हे उत्तर. काही लपवलं नाही, सजवलंही नाही. इतकं साधं बोलणं मी रंगमंचावर कधी ऐकलं नाही. "मला कळायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "मी तुझी चूक काढली आणि तुला टाकून गेलो."

वहिनींचा श्वास अर्धा झाला, तो मलाही दिसला. "म…" त्या म्हणाल्या. "म… मा… मु…"

मास्तर पुढे झुकले. त्यांच्या ओठांवर तो शब्द मला स्पष्ट दिसत होता, आणि मला खात्री होती की तोच आहे. माफ. हा माणूस महिनोन्महिने त्याच एका शब्दाची वाट बघत होता, आणि तो पुरवायला त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. वहिनींनीही तो आनंदाने उचलला असता. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ओठ दातांत धरले.

बाहेर कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला. वहिनींच्या कपाळावर घाम आला. बोटं हवेत फिरली, मग डावा हात उजव्या हातावर गेला आणि खाजवल्यासारखा वरखाली झाला.

"मुंग्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांचे ओठ दातांतून सुटले.

"मुंग्या. हात. आधी…" पुन्हा शोध, पुन्हा घाम. "आदल्या… रात्री. मी… नाही… सांग… सांगितलं." आणि मग रडत, हसत, एकेक शब्द खेचून काढत, "तुम्हाला… दुकान… उशीर."

आदल्या रात्रीपासून हाताला मुंग्या येत होत्या, आणि नवऱ्याला दुकानात जायला उशीर होईल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. एवढं एक वाक्य घरात पूर्ण व्हायला अर्धी दुपार लागली. त्या इतके महिने आपलाच दोष कुरवाळत बसल्या होत्या, आणि तो बोलायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. मास्तर तिकडून उशी, वरण पुरवत होते आणि मी टाळी वाजवत होते.

मास्तरांनी त्यांचा उजवा हात हातात घेतला. दोघांपैकी कुणीही कुणाला माफ वगैरे केलं नाही. त्यांच्याकडे बघून मला वाटलंही नाही की ओझं हलकं झालं. एकाच्या खांद्यावर होतं, ते आता दोघांनी धरलं होतं, एवढंच.

मी निघाले तेव्हा मास्तर दारापर्यंत आले. चेहरा थकलेला होता.

"बाई, मला वाटलं होतं, ती माफ म्हणणार. मी दिलाच असता तो शब्द. तिने घेतला असता, आणि हे मला कधी कळलंच नसतं." ते चौकटीला हात टेकून उभे राहिले. "लग्न झाल्यापासून हिची वाक्यं मी पुरी करत आलो. त्यातली किती भलतीच झाली असतील?"

तेवढ्यात आतून वहिनींची हाक आली, "अहो, ते… ते द्या… ते…"

मास्तर वळले. तोंड उघडलं, मिटलं, आणि दारातच थांबून राहिले.